कापणीवाल्यांचा वाडगा

तूयसरकान, इराण,
१० मे १९५१

शुक्रू, सलाम.

वाडगा मांडीत धरून राखेने घासत होते, तेवढ्यात टपालवाल्याने दारातून तुझं पत्र आत फेकलं. हात काळे होते, म्हणून ते संध्याकाळपर्यंत तिथेच पडून राहिलं. दिवा लावल्यावर वाचलं. तुम्ही पोहोचलात, आई विमानात एकदाही ओरडली नाही, एवढं कळलं. बाकी अर्धं पान तुझ्या चोरीला गेलेल्या चपलेवर आहे. आई काय खाते ते कुठेच नाही.

आणि पत्राच्या वर सलाम, खाली सलाम, मध्ये दोनदा सलाम. तिकडचं सरकार कागद फुकट देतं का?

आपल्या यहुदी गल्लीत आता फक्त माझं दार उघडतं. तुझ्या बायकोच्या, मोरवारीदच्या माहेरच्या घरात मेंढ्या बांधल्या आहेत. मेंढ्या तिच्या भावांपेक्षा शांत आहेत, तिला सांग. शनिवारी प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. इथे एक बाई आहे. मी हबक्कूक नबीच्या घुमटात जाते, झाडते, दिवा लावते, थडग्याला हात लावते आणि परत येते. किल्ली गळ्यात असते.

वाडग्याला कल्हई करून घेतली. शेजारचा क़ुर्बान म्हणतो गहू यंदा लवकर येईल, जुलैच्या दहा तारखेला विळा घालू. त्याने भिंतीपलीकडून विचारलं, "गौहर खानम, यंदा नबीचा शोरबा मिळणार, की नबीही गेला तुमच्या लोकांबरोबर विमानात बसून?"

मी म्हटलं, "मी आहे ना."

"मांस?"

मांस कुठून आणू? नियमाने जनावर कापणारा माणूस आता तुझ्या शेजारच्या तंबूत बसला आहे. तसं सांगितलं. तर म्हणतो, "म्हणजे नबीने आधी आम्हाला उपाशी ठेवलं, आणि आता चणे खायला घालणार."

कापणी झाली की मी निघते. आईला सांग. मी दोघांना शब्द दिला आहे, तिलाही आणि इथेही.

गौहर

*

तंबूंची छावणी, हैफाच्या दक्षिणेला, इस्रायल,
२५ मे १९५१

गौहर आबजी, तुझ्यावर सलाम.

सलामाची चेष्टा करू नकोस. बाबांनी छडी मारून शिकवलं आहे, नाव नंतर, सलाम आधी. तुला छडी बसली नाही कारण तुला सगळं पहिल्यांदाच यायचं.

आई जेवत नाही. आधी लिहिलं नव्हतं, कारण वाटलं दोन दिवसांत जेवेल. इथे दूध पुडीत मिळतं. अंडंसुद्धा पुडीत मिळतं. पिवळी भुकटी असते, पाण्यात कालवायची. आईने ती तळहातावर घेतली, बघितली, फुंकून टाकली. म्हणाली, "आणि कोंबडी कुठे आहे?" मोरवारीद रडली, कारण ती आठवडाभराची भुकटी होती.

दिवसभर आई तंबूच्या तोंडाशी बसते. कोणी बाई दिसली की विचारते, "गौहर आली?" मी सांगतो, कापणी झाली की येईल. "मग कापा ना लवकर," म्हणते. जणू गहू माझ्या खिशात आहे.

इथे पोलंडचे एक मास्तर आहेत, मोठ्यांना संध्याकाळी भाषा शिकवतात. कुठले तुम्ही, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हबक्कूकच्या गावचे. ते हसले. म्हणाले, हबक्कूक तुमच्याकडे कसा आला? त्याचं पुस्तक तीन अध्यायांचं, बापाचं नावसुद्धा त्यात नाही. मी म्हटलं, आमच्याकडे त्याचं थडगं आहे आणि थडग्याची किल्ली माझ्या बहिणीकडे आहे. मग त्यांना गोष्ट सांगितली. नबी कापणीवाल्यांसाठी शोरबा घेऊन शेताकडे निघाला होता, रोटी कुस्करलेला वाडगा हातात होता. देवदूताने त्याला केसांना धरून उचललं आणि थेट बाबेलला नेऊन सिंहांच्या खड्ड्यावर धरलं. खाली दानिएल उपाशी होता. शोरबा त्याला मिळाला.

मास्तर म्हणाले, हे आपल्या ग्रंथात नाही, ग्रीक लोकांनी मागाहून जोडलेलं आहे. मग थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "आणि ते कापणीवाले?"

"ते उपाशी राहिले," मी सांगितलं. "त्यांच्यासाठी आम्ही दरवर्षी शिजवतो."

ते पुढे हसले नाहीत. पण आबजी, मीच आता विचारतो. एक वर्ष वाडगा चुकला तर काय होईल? गहू उगवायचा थांबेल? आई पुढच्या कापणीपर्यंत टिकणार नाही. या कापणीपर्यंत टिकेल असंही मला वाटत नाही. किल्ली क़ुर्बानकडे दे आणि ये.

आणखी एक लिहितो, रागावू नकोस. दुःखाच्या घरात पहिला घास स्वतःचा खायचा नसतो, तो शेजाऱ्याने आणायचा असतो. बाबा गेले तेव्हा सात घरांतून मसूर आणि उकडलेली अंडी आली होती. क़ुर्बान दारात उभा राहून आईला विचारत होता, मेलेल्याच्या घरी अंडीच का म्हणून. आई म्हणाली, "अंड्याला तोंड नसतं. आज आम्हालाही नाही." तुझ्यावर तशी वेळ आली तर पहिला घास कोण आणेल तुला? मेंढ्या?

लवकर ये. आईचा सलाम, मोरवारीदचा सलाम, माझा सलाम.

शुक्रुल्ला

*

तूयसरकान,
८ जून १९५१

शुक्रू, सलाम. एकच.

मेंढ्यांना निरोप दिला.

मास्तरांना सांग, नबीच्या बापाचं नाव आम्हालाही माहीत नाही, पण त्याची सवय माहीत आहे. सबंध पुस्तकभर तो देवाकडे तक्रार करतो, किती हाका मारायच्या, तू ऐकतोस कुठे. आणि शेवटी म्हणतो, अंजीर आलं नाही, गोठा रिकामा झाला, तरी मी गाईन. बाबा ते डोळे मिटून म्हणायचे. आई चुलीपाशी बडबडायची, "गा, गा. आणि त्याची बायको काय शिजवत होती ते कोणी लिहिलं नाही."

एक वर्ष वाडगा चुकला तर काय, असं तू विचारतोस. तू कापड विकायला खेड्यांतून फिरलास, तुला हे मी सांगायला नको. आपल्या ओल्या हाताचं इथले मुसलमान खात नाहीत. पाऊस पडत असताना आपण रस्त्यावर आलो तर लहानपणी ओरडायचे, आपल्या अंगावरचं पाणी त्यांच्यावर उडेल म्हणून. तू क़ुर्बानच्या विहिरीवरून ओंजळीने पाणी प्यायलास तेव्हा त्याच्या बापाने सबंध विहीर उपसली होती. पण वाडगा नबीच्या उंबऱ्यावर ठेवला की तो आपला राहत नाही. आपण मागे सरायचं, पाठ फिरवून उभं राहायचं. मग ते येतात, वाडगा उचलतात आणि खातात. वर्षातून एक दिवस ते माझ्या हातचं खातात. तो दिवस मी माझ्याच हाताने मोडू?

आई टिकणार नाही असं तू बाबा गेले तेव्हाही म्हणाला होतास. त्याला एकवीस वर्षं झाली.

तरी तुझं पत्र वाचल्यापासून झोप नीट लागत नाही. कागदपत्रांसाठी तेहरानला अर्ज पाठवला आहे. वाडगा ठेवला की त्याच आठवड्यात हमदानची गाडी धरते. पाच आठवडे राहिले. तिला मोजून सांग, पाच शनिवार.

आता आईला एक विचार आणि उत्तर नीट लिही. सगळं मला येतं. गहू आधी, चणे रात्री भिजवायचे, पालेभाजी शेवटी, अक्रोड कुटून. पण पातेलं उतरवायच्या आधी ती आपल्याकडे पाठ करायची आणि चिमटीने काहीतरी टाकायची. पन्नास वर्षं मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि मला दिसलं नाही. विचारलं की म्हणायची, मरताना सांगेन. तिला म्हणावं, मरू नकोस, पत्राने सांग.

गौहर

*

तंबूंची छावणी,
२५ जून १९५१

गौहर आबजी,

तुझं पत्र शुक्रवारी दुपारी मिळालं. आईच्या उशाशी बसून तिला सबंध वाचून दाखवलं. पाच शनिवार तेही वाचलं.

ती शांत आहे. गौहर आली का असं आता विचारत नाही.

शेवटी काय टाकायचं, त्याचं उत्तर हे की तुझ्या हाताला कळेल.

मागच्या पत्रात मी घाई केली. ते विसर. गहू कापून होऊ दे, वाडगा ठेव, मग सावकाश ये. माझ्यामुळे तो चुकायला नको.

इथे ऊन फार आहे. मोरवारीद बरी आहे. अक्षर वाकडं आलं असेल, कागद मांडीवर ठेवून लिहितो आहे.

शुक्रुल्ला

*

तंबूंची छावणी,
२२ जुलै १९५१

गौहर आबजी, तुझ्यावर सलाम.

महिनाभर तुझं पत्र नाही. कापणी झाली असेल. तू वाटेत असशील म्हणून लिहू की नको असं वाटत होतं, पण आज लिहिलंच पाहिजे. उभी असशील तर खाली बस.

आई गेली. बावीस जूनला, शुक्रवारी सकाळी. काल तीस दिवस पुरे झाले, म्हणून आज लिहितो.

कारण तुला माहीत आहे. बाबांकडे आपण दोघं ते एकाच दिवशी शिकलो. बातमी तीस दिवसांच्या आत कळली तर ती जवळची, सात दिवस जमिनीवर बसावं लागतं. तीस दिवसांनंतर कळली तर ती लांबची, एक तास बसलं की पुरे. मी हिशोब केला. लगेच लिहिलं असतं तर पत्र तुला ऐन कापणीत मिळालं असतं. तू सात दिवस बसली असतीस, रिकाम्या गल्लीत, एकटी, दाराशी कोणी नाही, घास आणायला कोणी नाही. आणि वाडगा गेला असता. तू लिहिलं होतंस, तो दिवस मी माझ्या हाताने मोडू का. मला तो माझ्या हाताने मोडायचा नव्हता.

इथल्या रब्बींना विचारून केलं. ते म्हणाले, सांगू नये, पण खोटंही बोलू नये. म्हणून मी खोटं लिहिलं नाही. तुझं पत्र शुक्रवारी दुपारी आलं. ती सकाळीच गेली होती. न्यायला गाडी यायची होती, तोवर मी तिच्या उशाशी बसून ते वाचलं, मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मोरवारीद म्हणाली, वेडा झालास का? पण पत्र तिचं होतं.

"तुझ्या हाताला कळेल" हे तेवढं माझं. तू उत्तर नीट लिही म्हणाली होतीस. काय लिहू? तिने कोणालाच सांगितलं नाही.

त्या दिवशी आम्हाला अंडं मिळालं नाही. शेजारच्या तंबूतल्या रुमानियाच्या बाईने तिची भुकटी कालवून, तव्यावर भाजून, तिचे चार तुकडे करून आणले. तिला आमची भाषा येत नाही. ती बसून राहिली.

आता तू चपला काढ, जमिनीवर एक तास बस, आणि ऊठ. एकच तास. मग सामान बांध. इथे तुझ्यासाठी खाट ठेवली आहे. आईचीच खाट आहे, पण दोऱ्या नवीन बांधल्या.

रागावली असशील तर तसं लिही. पण लिही.

तुझा
शुक्रुल्ला

*

तूयसरकान,
६ ऑगस्ट १९५१

शुक्रू,

सलाम लिहीत नाही. आईचं वर्ष पुरं होईपर्यंत मी तुला आणि तू मला सलाम लिहायचा नाही. बाबांचा नियम तू नेहमीप्रमाणे अर्धाच पाठ केलास.

तुझं पत्र काल मिळालं. एक तास बसले नाही. माझे सात दिवस सोळा जुलैला संपले.

तुझं पंचवीस जूनचं पत्र दहा जुलैला आलं. त्याच सकाळी त्यांनी विळा घातला होता. मी पहाटे वाडगा घुमटाच्या उंबऱ्यावर उन्हात ठेवून आले, दरवर्षी आई ठेवायची तसा, रिकामा. घरी पातेलं चुलीवर होतं. सगळं शिजलं होतं. रोटी कुस्करायची राहिली होती, आणि ते शेवटचं. टपालवाला येईल म्हणून सकाळपासून दार उघडं ठेवलं होतं. मी त्याला वाटेतच गाठलं आणि पत्र चुलीपाशी उभी राहून उघडलं. पळी दुसऱ्या हातात होती.

पहिल्या ओळीत माझं नाव होतं, आणि पुढे काही नव्हतं. कागद उलटून मागे बघितलं. मग खाली, शेवटी. तिथेही सलाम नव्हता. चप्पल हरवली म्हणून लिहिताना चार सलाम लिहिणारा माणूस तू. सात दिवस जमिनीवर बसलेला माणूस कोणाला सलाम करत नाही, हे मला कळणार नाही असं तुला वाटलं? की तुला वाटलंच नाही, हात आपोआप थांबला? बहुतेक तसंच. बाकीचं तू फार जपून लिहिलं होतंस. मी ते नंतर वाचलं. ती शांत आहे, विचारत नाही. एक शब्द खोटा नव्हता.

मला कोणी सांगितलेलं नव्हतं. कागदावर आई गेली नव्हती. मी रोटी कुस्करून वाडगा भरू शकत होते, पाठ फिरवून उभी राहू शकत होते, आणि ऑगस्टमध्ये तुझं दुसरं पत्र आलं की एक तास बसू शकत होते. तू माझ्यासाठी तेवढी वाट मोकळी ठेवली होतीस. मी पळी पातेल्यात घातली. बाहेर काढली. परत घातली. मग पळी ठेवली, गळ्यापाशी डाव्या बाजूला अंगावरचं कापड धरलं आणि आईबाप गेल्यावर फाडतात तसं फाडलं. रिकाम्या घरात त्याचा आवाज फार मोठा होतो.

चूल विझवली. लहानपणी मला नबीचा राग यायचा. त्याने देवदूताला म्हणायला हवं होतं, जरा थांब, शेत समोर आहे, एवढा वाडगा देऊन येतो. आता राग येत नाही.

दुपारी क़ुर्बान आला. बाहेरूनच ओरडला, "खानम, नबीला पुन्हा कोणी केसांना धरून नेलं की काय? अकरा माणसं रिकाम्या वाडग्यात तोंड बघत बसली आहेत!" तो कधी या घराचा उंबरा ओलांडत नाही, त्या दिवशीही ओलांडला नाही, पण वाकून आत बघितलं. मी अनवाणी जमिनीवर होते. त्याने टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली.

"म्हातारी?" त्याने विचारलं.

मी मान हलवली. तो गेला. त्यांनी त्या दिवशी कांद्याशी कोरडी रोटी खाल्ली आणि कापत राहिले. त्याच्या सुनेने मागाहून सांगितलं. शोरबा पातेल्यातच आंबला. शेवटी काय टाकायचं ते मला अजून माहीत नाही, हाताला काही कळलं नाही.

तेहरानहून कागद आले आहेत. मी यंदा येत नाही. आईला भेटायची घाई आता उरली नाही, आणि या अकरा माणसांचं एक जेवण राहिलं आहे. पुढच्या कापणीला ते घालते. मग बघू. खाट कोणाला तरी वापरायला दे. त्या रुमानियाच्या बाईला दे. मी रागावलेली नाही. तुझ्या जागी मीही तसंच लिहिलं असतं, फक्त सलाम विसरले नसते.

मे महिन्यात तू विचारलं होतंस, पहिला घास कोण आणेल, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. त्या दिवशी मी काही खाल्लं नाही. अंधार पडल्यावर स्वतःचं खायला हरकत नसते, पण मी चुलीकडे गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर माझ्या उंबऱ्यावर नबीचा वाडगा होता. तळाला मसूर होते आणि वर अकरा उकडलेली अंडी. गल्लीच्या तोंडाशी क़ुर्बान पाठ फिरवून उभा होता. मसूर कोणाच्या भांड्यात शिजवले ते मी विचारलं नाही. मीठ घातलेलं नव्हतं. मी वाडगा उचलला आणि खाल्लं.

गौहर